ऑप्शन उघडायचा कुठे?

प्रश्न असा आहे: जावा या प्रोग्रामिंग भाषेत काही वर्षं काम करून आता स्काला ही भाषा लिहायला घेतली आहे. एखाद्या फंक्शनकडून ऑप्शन (मूल्य असेल तर 'सम', नसेल तर 'नन' असा डबा) आला की आधी इसडिफाइंड (आत मूल्य आहे का) तपासायचं आणि मग गेट करायचं, म्हणजे मूल्य बाहेर काढायचं, ही सवय. रिव्ह्यूमध्ये 'गेट नको' एवढाच शेरा मिळाला. पॅटर्न मॅच (सम आणि नन यांना वेगळ्या शाखा) लिहिला तर तीन-चार पायऱ्यांतच कोड उजवीकडे सरकत जातो, आणि गेटऑरएल्स (मूल्य नसेल तर हे घे) लिहिला तर दर ठिकाणी काहीतरी डिफॉल्ट शोधून द्यावा लागतो. मग करायचं काय?

रिव्ह्यू करणाऱ्यानं शेरा बरोबर दिला, पण अर्धाच दिला. अडचण गेटपेक्षा ऑप्शन फार लवकर उघडण्यात आहे. हातात आला की लगेच फोडायचा, हीच मूळ सवय. गेट, मॅच आणि गेटऑरएल्स ही तिची तीन रूपं. ऑप्शन बंदच ठेवून त्याच्या आतल्या मूल्यावर काम करत जायचं, आणि 'मूल्य नसेल तर काय' हे ज्याला खरोखर ठरवता येतं अशा एकाच जागी तो उघडायचा. बाकी सगळं याचाच तपशील आहे, पण तपशिलातच लोक फसतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी इसडिफाइंड आणि गेट या जोडीत वाईट काय ते पाहू. जावात 'मूल्यच नाही' म्हणजे नल; तिथल्या 'नल नाही ना?' या तपासणीचंच हे दुसरं रूप आहे. तपासणी एका ओळीवर, वापर दुसऱ्या ओळीवर, आणि दोन्हींचा संबंध फक्त लिहिणाऱ्याच्या डोक्यात. कंपायलरला (कोड चालण्याआधी तपासणाऱ्या प्रोग्रामला) तो दिसत नाही. सहा महिन्यांनी कोणीतरी तो 'इफ' हलवतो, किंवा गेटची ओळ उचलून वेगळ्या फंक्शनमध्ये नेतो. कंपायलर काही बोलत नाही आणि चालू सिस्टीममध्ये नोसचएलिमेंटएक्सेप्शन ही प्रोग्राम पाडणारी चूक येते. संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी 1965 मध्ये अल्गोल डब्ल्यू या भाषेत नल रेफरन्स आणला आणि 2009 मध्ये एका जाहीर भाषणात त्यालाच आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं. ऑप्शन वापरूनही गेट करत राहिलात तर तीच चूक तुम्ही फक्त नव्या नावानं करताय.

आता खरं उदाहरण घेऊ. बिलिंगचं सॉफ्टवेअर आहे. ग्राहकाच्या कोडवरून ग्राहक शोधायचा, त्याचा जीएसटीआयएन (जीएसटी नोंदणी क्रमांक) घ्यायचा, त्याचे पहिले दोन अंक म्हणजे राज्याचा कोड (27 महाराष्ट्र, 30 गोवा, 29 कर्नाटक), आणि त्यावरून ठरवायचं की सीजीएसटी-एसजीएसटी (राज्यातल्या राज्यात) लावायचा की आयजीएसटी (दोन राज्यांमध्ये). कर सल्लागार लगेच म्हणतील की पुरवठ्याचं ठिकाण नेहमीच जीएसटीआयएनवरून ठरत नाही. मान्य. उदाहरणापुरतं एवढं चालवून घ्या.

इथे तीन ठिकाणी मूल्य नसू शकतं. त्या कोडचा ग्राहकच नसेल, ग्राहक असेल पण जीएसटीआयएन नसेल, किंवा क्रमांक असेल पण त्यातला राज्यकोड आपल्या कोशात सापडणार नाही. सवयीनं लिहिलं तर एकात एक तीन मॅच. त्याऐवजी:

शोधाग्राहक(कोड)
  .फ्लॅटमॅप(ग्राहक => ग्राहक.जीएसटीआयएन)
  .फ्लॅटमॅप(क्रमांक => राज्यकोश.गेट(क्रमांक.राज्यकोड))
  .मॅप(राज्य => करप्रकार(राज्य))

राज्यकोशावरचं गेट पाहून दचकू नका. राज्यकोश हा मॅप नावाचा संग्रह आहे (.मॅप या मेथडशी त्याचा संबंध नाही), आणि त्यावरचं गेट ऑप्शनच परत देतं. त्याचा आणि ऑप्शनवरच्या गेटचा संबंध नाही. नावं सारखी ठेवून स्कालानं नवशिक्यांवर उपकार केलेले नाहीत.

कुठे मॅप आणि कुठे फ्लॅटमॅप, याचा नियम सोपा आहे. आतल्या मूल्यावर चालणारं फंक्शन साधं मूल्य देत असेल तर मॅप, तेच फंक्शन स्वतः ऑप्शन देत असेल तर फ्लॅटमॅप. चुकून मॅप वापरलात तर ऑप्शनच्या आत ऑप्शन दिसेल आणि कंपायलर पुढच्या ओळीवर अडवेल. मधली मूल्यं पुढे लागणार असतील तर हेच फॉर-यील्डमध्ये लिहा:

फॉर {
  ग्राहक <- शोधाग्राहक(कोड)
  क्रमांक <- ग्राहक.जीएसटीआयएन
  राज्य <- राज्यकोश.गेट(क्रमांक.राज्यकोड)
} यील्ड बिल(ग्राहक, करप्रकार(राज्य))

कोड उजवीकडे सरकत नाही, प्रत्येक ओळीला आधीच्या ओळींमधली नावं मिळतात, आणि कुठल्याही पायरीवर नन आला की पुढच्या पायऱ्या चालतच नाहीत. इतर भाषांमध्येही, म्हणजे हास्केलमधलं डू, रस्टमधलं प्रश्नचिन्ह, ओकॅमलच्या 4.08 पासून आलेलं लेट-तारा, सगळे हेच काम करतात. वरवरचं लिखाण वेगळं, विचार एकच.

इथपर्यंत बहुतेक जण महिन्याभरात पोचतात. पुढचा भाग जास्त महत्त्वाचा, आणि तो शिकवताना हमखास गाळला जातो.

वरच्या साखळीच्या शेवटी हातात ऑप्शन आहे आणि तो नन निघाला. का निघाला? ग्राहक सापडला नाही म्हणून? ग्राहक नोंदणीकृतच नाही म्हणून? की डेटा भरणाऱ्यानं चुकीचा क्रमांक टाकला म्हणून? या तीन गोष्टी धंद्याच्या दृष्टीनं पूर्ण वेगळ्या आहेत. पहिल्यात बिल थांबवायचं, दुसऱ्यात बिल बिनदिक्कत करायचं (फक्त राज्य पत्त्यावरून घ्यायचं), तिसऱ्यात कोणालातरी फोन करायचा. फ्लॅटमॅपच्या साखळीनं तिन्हींचा एकच नन करून टाकला. कोड देखणा झाला आणि माहिती हरवली. सुबक साखळी पाहून खूश होणाऱ्यांना मी हाच प्रश्न विचारतो: नन आला, तर सपोर्टवाल्याला काय सांगाल?

म्हणून साखळी लिहिण्याआधी प्रत्येक ऑप्शनला विचारा, इथे 'नसणं' ही साधी, अपेक्षित गोष्ट आहे की बिघाड आहे? साधी असेल तर ऑप्शन ठीक. बिघाड असेल तर त्याच जागी टूराइट वापरून त्याचा आयदर (उजवीकडे मूल्य किंवा डावीकडे चुकीचं कारण) करा, कारणासकट:

शोधाग्राहक(कोड).टूराइट(ग्राहकसापडलानाही(कोड))

स्काला 2.12 पासून आयदर उजव्या बाजूला झुकलेला आहे, त्यामुळे फॉर-यील्डमध्ये तो ऑप्शनसारखाच बसतो. रस्टमध्ये हेच ओके-ऑर. एक मर्यादा लक्षात ठेवा: आयदरची साखळी पहिल्या चुकीला थांबते. फॉर्म भरणाऱ्याला पाचही चुका एकदम दाखवायच्या असतील तर साखळी उपयोगाची नाही. तिथे तपासण्या एकमेकींपासून स्वतंत्र ठेवून निकाल गोळा करावे लागतात, आणि स्कालात त्यासाठी कॅट्स लायब्ररीतला व्हॅलिडेटेड आहे.

नोंदणी नसलेल्या ग्राहकाचं काय? तिथे मी ऑप्शनही ठेवणार नाही. 'नोंदणी' नावाचा एक प्रकार करून त्याच्या दोन शाखा ठेवेन: नोंदणीकृत, ज्यात जीएसटीआयएन असणारच, आणि अनोंदणीकृत, ज्यात पत्त्यावरचं राज्य असणारच. आता 'नाही' या उत्तराला नाव मिळालं, सोबत लागणारी माहितीही त्यालाच चिकटली, आणि मॅच लिहिताना एखादी शाखा राहिली तर कंपायलर बजावतो. ऑप्शन ऑफ बूलियन (हो-नाही मूल्याचा ऑप्शन) दिसला की तर हे हमखास करा. हो, नाही आणि 'विचारलंच नाही' या तीन अवस्थांना तीन नावं द्या.

याचाच भाऊबंद म्हणजे ऑप्शननं भरलेली केस क्लास (स्कालातला डेटाचा रेकॉर्ड). बिलात भरणा-तारीख ऑप्शन, भरण्याचा प्रकार ऑप्शन, व्यवहार क्रमांक ऑप्शन. तीन ऑप्शन म्हणजे आठ शक्यता, आणि खऱ्या त्यातल्या दोनच: पैसे आले आहेत (तिन्ही आहेत) किंवा आले नाहीत (एकही नाही). उरलेल्या सहा शक्यता म्हणजे तारीख आहे पण प्रकार नाही असले अर्धवट प्रकार, आणि त्यांच्यासाठी कोणीतरी, कुठेतरी, कधीतरी एक निरर्थक 'इफ' लिहिणार. तिन्ही फील्ड उचलून 'भरणा' नावाच्या एका रेकॉर्डमध्ये टाका आणि बिलात त्या रेकॉर्डचा एकच ऑप्शन ठेवा. माझ्या मते ऑप्शन हाताळण्याचं निम्मं कौशल्य ऑप्शन कमी करण्यात आहे. हे डेटाच्या रचनेत होतं, फ्लॅटमॅपच्या सफाईत नाही.

आता गेटऑरएल्स. तुम्ही लिहिलंय की दर ठिकाणी डिफॉल्ट शोधावा लागतो. शोधावा लागतोय याचाच अर्थ ती उघडण्याची जागा नव्हे. ज्या फंक्शनला डिफॉल्ट माहीत नाही, त्यानं ऑप्शन तसाच वर पाठवावा. पानावर नाव दाखवणाऱ्या फंक्शनला 'रोख ग्राहक' लिहायचा हक्क आहे. ग्राहक शोधणाऱ्याला नाही. सगळ्यात घातक डिफॉल्ट म्हणजे शून्य आणि रिकामी स्ट्रिंग (रिकामा मजकूर). पर्जन्यमापकाची नोंद आली नाही म्हणून त्या दिवशी 0 मिमी धरलं, तर महिन्याची बेरीज बिनचूक दिसते आणि साफ खोटी असते. राज्यकोड मिळाला नाही म्हणून 'आपले बहुतेक ग्राहक महाराष्ट्रातलेच' असं म्हणत 27 टाकला, तर गोव्याच्या ग्राहकाला चुकीचा कर लागतो आणि कुठलंही एक्सेप्शन येत नाही. कोसळणारं गेट निदान आरडाओरडा करतं. म्हणूनच गेटला घाबरून जिथे तिथे गेटऑरएल्स लिहिणारा कोड मला गेटवाल्या कोडपेक्षा जास्त धोक्याचा वाटतो.

डिफॉल्ट काढायला खर्च येत असेल, म्हणजे डेटाबेसला विचारायचं वगैरे असेल, तर भाषेनुसार काळजी घ्या. स्कालात गेटऑरएल्सचा आर्ग्युमेंट गरज पडली तरच मोजला जातो. जावात ऑरएल्सचा आर्ग्युमेंट मूल्य असो वा नसो, आधीच मोजला जातो. आळशी प्रकार हवा तर ऑरएल्सगेट. रस्टमध्ये अनरॅप-ऑर आणि अनरॅप-ऑर-एल्स, एफ शार्पमध्ये डिफॉल्टव्हॅल्यू आणि डिफॉल्टविथ, अशाच जोड्या आहेत. जावातून स्कालात येणाऱ्याला याचा त्रास होत नाही, उलट जाणाऱ्याला होतो.

स्कालाचा आणखी एक खोडसाळपणा: पूर्णांकाच्या ऑप्शनवर गेटऑरएल्समध्ये स्ट्रिंग दिली तरी ती चालते. टाइप गुपचूप रुंद होऊन एनी (काहीही चालेल असा टाइप) बनतो आणि चूक तीन फाइल पलीकडे सापडते. अशा ठिकाणी परतीचा टाइप स्पष्ट लिहून ठेवावा.

यादीत ऑप्शन आले की दोन रस्ते फुटतात. शंभर ओळींची फाइल वाचली, प्रत्येक ओळीपासून बिलाचा ऑप्शन मिळाला. फ्लॅटन केलंत तर नन गळून जातात आणि चांगल्या ओळी उरतात. कॅट्समधलं ट्रॅव्हर्स केलंत तर एकही नन असला की सगळ्याचाच नन. दोन्ही बरोबर असू शकतात. शोधाचे निकाल दाखवायचे असतील तर फ्लॅटन. पगाराची फाइल बँकेला पाठवायची असेल तर ट्रॅव्हर्स, आणि तेही आयदरसह, म्हणजे कितव्या ओळीवर अडलं ते सांगता येईल. फ्लॅटन लिहायला सोपं पडतं म्हणून पगाराच्या फाइलमध्येही तेच लिहिलं जातं, आणि ज्याची ओळ गळली तो पहिल्या तारखेला विचारायला येतो.

काही छोटे सापळे, जे रिव्ह्यूत नजरेतून सुटतात. नन वर फॉरऑल (मूल्य असेल तर ते अट पाळतं का) केलं की उत्तर ट्रू येतं. तर्काच्या दृष्टीनं ते योग्यच आहे, पण 'जीएसटीआयएन वैध आहे का' हे फॉरऑलनं विचारलंत तर क्रमांक नसलेला ग्राहकही पास होतो. तिथे एक्झिस्ट्स (मूल्य आहे आणि अट पाळतं का) हवं. क्रम लावताना नन सर्वात आधी येतो. स्काला, हास्केल, रस्ट, एफ शार्प, चारही ठिकाणी तसंच. रस्टमध्ये तर दोन ऑप्शनची थेट तुलना करता येते, आणि देय तारीख आजच्या तारखेपेक्षा लहान आहे का असं विचारलंत की तारीखच नसलेली बिलंही थकबाकीत जाऊन बसतात. तिसरा सापळा छपाईचा: स्कालाच्या स्ट्रिंग इंटरपोलेशनमध्ये, म्हणजे मजकुरात मूल्य गुंफताना, ऑप्शन सरळ टाकला की ग्राहकाला पत्त्यात 'सम(पुणे)' दिसतं. विनोदी वाटतं, पण ई-मेलमधून असं गेलेलं मी पाहिलं आहे.

जावाच्या लायब्ररीशी बोलताना मात्र कडक राहा. तिथून आलेलं काहीही नल असू शकतं, म्हणून ते सीमेवरच ऑप्शन(...) मध्ये गुंडाळा. सम(...) मध्ये नाही, कारण सम(नल) हे स्कालात बिनबोभाट तयार होतं आणि मग इसडिफाइंडही ट्रू सांगतं. मॅपच्या आत जावाची मेथड बोलावलीत आणि तिनं नल दिला तरी हाच घोटाळा. तिथे फ्लॅटमॅप करून आत पुन्हा ऑप्शन(...) लावा. गंमत म्हणजे जावाचा स्वतःचा ऑप्शनल इथे वेगळा वागतो: त्याच्या मॅपमध्ये नल आला की तो रिकामा होतो. व्यवहारात सोयीचं आहे, पण दोन मॅप एकत्र करून लिहिले की निकाल बदलू शकतो, हे गणिती मंडळींना खटकतं. स्काला 3 मध्ये नलला टाइपमध्ये उघड दाखवायला लावणारा एक पर्यायी फ्लॅग आहे. नव्या प्रकल्पात तो लावून पाहायला हरकत नाही.

सीमेवरच आणखी एक गाठ पडते. जेसनमधून (प्रोग्राम एकमेकांना डेटा पाठवतात तो मजकुरी साचा) अपडेटची विनंती येते: फोन नंबरचं फील्ड आलंच नाही, फील्ड आलं पण नल आहे, किंवा नवा नंबर आला. पहिल्याचा अर्थ 'हात लावू नका', दुसऱ्याचा 'पुसून टाका'. एका ऑप्शनमध्ये या तीन गोष्टी मावत नाहीत, आणि अनेक जेसन लायब्रऱ्या पहिल्या दोन्हींचा नन करून देतात. परिणाम असा की नाव बदलायला आलेल्या माणसाचा फोन पुसला जातो. ऑप्शनच्या आत ऑप्शन ठेवून हे जमतं, पण तो कोड पुढचा माणूस वाचताना बाहेरचा नन कुठला आणि आतला कुठला हे विसरतोच. मी तीन शाखांचा वेगळा प्रकार करतो: तसंचठेवा, पुसा, बदला. कोटलिनसारख्या भाषेत, जिथे ऑप्शनऐवजी टाइपपुढे प्रश्नचिन्ह लागतं, तिथे दोन थर एकात एक राहतच नाहीत. दोन प्रश्नचिन्हांचं एकच होतं. त्यामुळे तिथे वेगळा प्रकार करणं भागच आहे.

मग गेट कधीच नाही का? टेस्टमध्ये खुशाल वापरा. तिथे कोसळणं हाच निकाल असतो. चालू कोडमध्ये, मूल्य असणारच अशी खात्री आधीच्या ओळींनी दिलेली असेल तर आधी ती खात्री टाइपमध्ये उतरवता येते का ते पाहा. यादी रिकामी नाही हे तपासून हेडऑप्शनवर (पहिल्या घटकाच्या ऑप्शनवर) गेट करण्यापेक्षा कॅट्सची नॉनएम्प्टीलिस्ट घ्या. तिचं हेड साधं मूल्यच देतं. हास्केलवाल्यांनी अर्धवट फंक्शनांचा (काही इनपुटवर कोसळणाऱ्या) इतका धसका घेतलाय की जीएचसी या त्यांच्या कंपायलरच्या 9.8 पासून साधं हेड वापरलं तरी इशारा येतो. आणि टाइपमध्ये उतरवणं खरंच परवडणार नसेल, तर मुक्या गेटऐवजी कारण लिहून कोसळा. रस्टमध्ये अनरॅपऐवजी एक्स्पेक्ट आहे. स्कालात गेटऑरएल्सच्या आत संदेशासह एक्सेप्शन फेकता येतं. मध्यरात्री लॉग वाचणाऱ्याला 'नन.गेट' एवढंच दिसणं आणि 'ग्राहक आयात झाल्यावर राज्य असायलाच हवं होतं' असं दिसणं यात पुष्कळ अंतर आहे.

तुमच्या हातात आधीचा कोड असेल तर सगळीकडची गेट एकदम उपटायला जाऊ नका. वॉर्टरिमूव्हर या कोड तपासणाऱ्या साधनात ऑप्शनपार्शल नावाचा, गेट पकडणारा नियम आहे, तो नव्या फाइलींना लावा म्हणजे भर पडायची थांबेल. मग जुन्या कोडमध्ये गेट शोधा आणि प्रत्येक ठिकाणी, हा ऑप्शन मुळात कुठून आला, ते मागे-मागे पाहत जा. पुष्कळदा असं निघतं की एकाच फील्डचे दहा-पंधरा गेट आहेत, आणि ते फील्ड फक्त एका जुन्या आयात स्क्रिप्टसाठी ऑप्शनल ठेवलं होतं. ते फील्ड वाचण्याच्या जागीच सक्तीचं करा, आयात स्क्रिप्टसाठी वेगळा रेकॉर्ड ठेवा. ते दहा-पंधरा गेट मग कंपायलरच एकेक करून दाखवतो आणि सगळे पुसता येतात. जे उरतील त्यांनाच मॅप, फ्लॅटमॅप आणि टूराइट लावत बसा.